त्वचेचा रोधक स्तर

त्वचेचा रोधक स्तर : शरीरातील पाणी आत धरून ठेवणारी व बाहेरील द्रव्यांना अटकाव करणारी त्वचेची यंत्रणा. तिचा बहुतेक भार बाह्यत्वचेच्या सर्वांत वरच्या थरावर, म्हणजे शृंगस्तरावर असतो. हातापायांवर व धडावर या स्तराची जाडी साधारणपणे १० ते २० मायक्रोमीटर भरते आणि तेवढ्यात चपट्या, केंद्रकहीन शृंगपेशींचे १५ ते २० थर मावतात. तळहात व तळपायांवर तो कितीतरी जाड असूनही पाणी अडवण्यात तेथे उलट कमी पडतो. जाडी आणि रोधकता यांचे सरळ नाते नाही, हे यावरून दिसते.

घामाचा भाग वगळला तरी निरोगी त्वचेतून पाण्याची वाफ सतत थोडीथोडी निसटत असते. या त्वचापार जलव्ययाचे प्रमाण प्रौढांच्या कोपर ते मनगट या भागावर दर चौरस मीटरला ताशी सुमारे ५ ते १० ग्रॅम असते. सबंध शरीराचा हिशेब केल्यास ते दिवसाला अंदाजे २०० ते ४०० मिलिलिटर होते. शृंगस्तराखालच्या जिवंत थरांत सुमारे ७० टक्के पाणी असते, तर पृष्ठभागाशी १५ ते ३० टक्के. एवढी तफावत इतक्या पातळ पापुद्र्यात टिकते कशी, हा या विषयातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

रोधकाचे नेमके स्थान बराच काळ वादग्रस्त होते. नेहमीच्या पद्धतीने तयार केलेल्या ऊतिच्छेदांत शृंगस्तर विरविरीत, जाळीदार आणि सुटणाऱ्या पापुद्र्यांचा दिसे. त्यामुळे रोधक त्याच्या तळाशी, म्हणजे त्याखालच्या कणमय स्तर या जिवंत थराच्या सीमेवर असावा, असे मत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रचलित होते. पुढे हे जाळीदार रूप बव्हंशी छेद तयार करताना मेदद्रव्ये विरघळून गेल्यामुळे येते, असे ध्यानात आले. विन्सर आणि बर्च यांनी १९४४ मध्ये मानवी त्वचेचा शृंगस्तर सँडपेपरने घासून काढला, तेव्हा पाण्याचे विसरण अनेक पटींनी वाढले. अर्व्हिन ब्लँक यांनी चिकटपट्टीने थर उपटून याच निष्कर्षाला पुष्टी दिली. ब्लँक यांचे १९५२ चे दुसरे निरीक्षण व्यवहाराच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे : कडक झालेले शृंगऊतक तेलात ठेवून मऊ होत नाही, पाण्याने होते. कोरडेपणा म्हणजे तेलाची उणीव, ही समजूत त्यानंतर शास्त्रीय लेखनातून मागे पडली. जाहिरातींत ती अद्याप टिकून आहे.

पीटर इलायस यांनी १९८३ मध्ये मांडलेले विटा आणि चुन्याचे प्रारूप आज पाठ्यपुस्तकांत रूढ आहे. शृंगपेशी या विटा आणि त्यांच्यामधील मेदद्रव्ये हा चुना. तथापि अशी द्विघटकी मांडणी मायकेल्स व सहकाऱ्यांनी औषधांच्या शिरकावाचे गणित करताना १९७५ मध्येच वापरली होती, त्यामुळे या कल्पनेचे सर्व श्रेय एकट्या इलायस यांना देणे काटेकोर ठरणार नाही. मेदद्रव्यांचा जैविक उगम व त्यांचे नियमन उलगडण्यातील त्यांच्या गटाचा वाटा मात्र निर्विवाद आहे. मेदद्रव्यांचा हा माल कणमय स्तरातील पेशींमधल्या सूक्ष्म पटलयुक्त कणांतून येतो. हे कण ऑडलंड यांच्या नावानेही ओळखले जातात. पेशींबाहेर पडल्यावर विकरे त्यातील पूर्वद्रव्यांचे सेरामाइड (दोन लांब शेपट्यांचे एक मेदद्रव्य) व मुक्त मेदाम्लांत रूपांतर करतात. वजनाने पाहता या मिश्रणात सेरामाइडे सुमारे निम्मी, कोलेस्टेरॉल पाव हिस्सा आणि मेदाम्ले १० ते १५ टक्के असतात. इतर पेशीपटलांत मुबलक असणारी फॉस्फोलिपिडे येथे जवळजवळ नसतात.

ही द्रव्ये एकमेकांशेजारी कशी रचलेली असतात, याबद्दल एकमत नाही. फॉर्सलिंड यांनी १९९४ मध्ये घट्ट स्फटिकी तुकडे व त्यांच्या कडेने द्रवसदृश पट्टे अशी मांडणी सुचवली. लार्स नॉर्लेन यांनी २००१ मध्ये ती नाकारून सर्वत्र एकच घनसदृश जेल अवस्था असल्याचे प्रतिपादन केले. योके बाउस्ट्रा यांच्या गटाने क्ष-किरण विवर्तनातून मेदद्रव्यांच्या थरांची रचना सुमारे १३ नॅनोमीटर व ६ नॅनोमीटर अशा दोन अंतरांनी पुन्हापुन्हा येते, असे नोंदवले आणि तीन पदरांची रचना मांडली. नॉर्लेन यांच्या गटाने २०१२ मध्ये गोठवलेल्या त्वचेच्या छेदांचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने निरीक्षण केले. त्यांच्या मते सेरामाइडाच्या दोन शेपट्या विरुद्ध दिशांना पूर्ण ताणलेल्या असतात. त्वचेतून मेदद्रव्ये वेगळी न काढता मिळालेला हा पुरावा असल्याने त्याला अधिक वजन द्यावे लागते. विवर्तनाच्या सर्व नोंदी मात्र त्याने पुरत्या उलगडत नाहीत.

शृंगस्तराखालीही एक बंध असतो. कणमय स्तरातील पेशी घट्ट जोडण्यांनी सांधलेल्या असतात. या जोडण्यांतील क्लॉडिन-१ हे प्रथिन नसलेली उंदराची पिल्ले जन्मानंतर दिवसभरात पाणी गमावून मरतात, असे फुरुसे व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवले.

पाणी अडवणे वेगळे आणि शृंगपेशींत ते धरून ठेवणे वेगळे. दुसरे काम पेशींच्या आतील जलाकर्षी रेणू करतात. त्यांना १९५९ पासून नैसर्गिक आर्द्रताधारक घटक असे एकत्रित नाव आहे. त्यांत मुक्त ॲमिनो आम्ले, पायरोलिडोन कार्बॉक्सिलिक आम्ल, लॅक्टेट व युरिया प्रमुख आहेत. यांतील ॲमिनो आम्ले मुख्यतः फिलॅग्रिन या प्रथिनाच्या विघटनातून येतात. स्कॉट व हार्डिंग यांनी १९८६ मध्ये दाखवले, की उंदराच्या नवजात पिल्लांत हे विघटन जन्मानंतर काही तासांत सुरू होते, पण पिल्लांना अतिदमट हवेत ठेवल्यास थांबते. म्हणजे बाहेरच्या हवेचा कोरडेपणा ओळखून शृंगस्तर आपला साठा तयार करतो. निर्जीव म्हणून गणलेल्या स्तराच्या बाबतीत हा शोध अनपेक्षित होता. फिलॅग्रिनच्या जनुकातील दोष खवल्यांच्या त्वचेला आणि बालवयीन इसबाच्या प्रवणतेला कारण होतात, हे २००६ मध्ये स्कॉटलंडमधील डंडी येथील संशोधकांनी सिद्ध केले.

पृष्ठभागाचा सामू साधारण ४.५ ते ५.५ असतो. सेरामाइड घडवणारी विकरे अशा आम्ल परिस्थितीतच नीट चालतात. ९ ते १० सामूच्या साबणाने वारंवार धुतल्यास मेदद्रव्ये निघून जातात व त्यांची दुरुस्तीही मंदावते.

वयानुसार होणारे बदल : पूर्ण दिवसांच्या बालकाची रोधकता जन्मतः चांगली असते, परंतु पाणी शोषण्याची व सोडण्याची पद्धत पहिल्या वर्षभर तरी बदलत राहते. गर्भावस्थेचे २८ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बालकाचा शृंगस्तर इतका अपुरा असतो, की त्याच्या द्रवसंतुलनाला धोका संभवतो. खोबरेल लावल्याने अशा कमी वजनाच्या बालकांतील जलव्यय घटल्याचे दिल्लीतील एका चाचणीत दिसले. महाराष्ट्रात घरोघरी तान्ह्या बाळाला तेल लावतात, पण सर्व तेले सारखी नाहीत. सूर्यफूल तेलाने उंदरांत रोधकाची दुरुस्ती लवकर झाली, तर मोहरीच्या तेलाने ती लांबली.

म्हातारपणी त्वचेतून पाणी अधिक गळू लागते, अशी सर्वसाधारण कल्पना आहे. मोजमापे ती उचलून धरत नाहीत. २०१३ मधील एका एकत्रित विश्लेषणात ६५ वर्षांवरील निरोगी व्यक्तींचा जलव्यय तरुणांइतका किंवा त्याहून कमी आढळला. खरा फरक ताण पडल्यावर उघड होतो. घडियाली व सहकाऱ्यांच्या १९९५ च्या अभ्यासात तरुणांचा रोधक मोडायला चिकटपट्टी सरासरी ३१ वेळा लावावी लागली, ऐंशीपलीकडच्यांचा १८ वेळांत मोडला आणि भरून यायला कितीतरी अधिक वेळ लागला. वृद्धांच्या शृंगस्तरात मेदद्रव्ये सुमारे एकतृतीयांशाने कमी होती व कोलेस्टेरॉलची निर्मिती विशेष मंदावली होती. शृंगस्तराची जाडी फारशी घटत नाही. खालची जिवंत बाह्यत्वचा पातळ होते आणि शृंगस्तर नवा होण्याचा काळ तरुणपणीच्या सुमारे २० दिवसांवरून ३० दिवसांच्याही पुढे जातो. आर्द्रताधारक ॲमिनो आम्लेही कमी होतात आणि पृष्ठभागाची आम्लता पन्नाशीनंतरच ढळू लागते. नडगीवरचे खवले व थंडीत उठणारी खाज यांच्यामागे हे सर्व मिळून असावे.

त्वग्वसा, म्हणजे तैलग्रंथींचा स्राव, कमी झाल्याने वृद्धांची त्वचा कोरडी पडते, हे स्पष्टीकरण अपुरे आहे. वयात येण्यापूर्वी मुलांत हा स्राव जवळजवळ नसतो, तरी त्यांचा रोधक शाबूत असतो. त्वग्वसेतून मिळणारे ग्लिसरॉल मात्र पाणी धरायला उपयोगी पडते, असे तैलग्रंथी खुरटलेल्या उंदरांवरील प्रयोगांवरून म्हणता येते.

उपचारांत ग्लिसरीन व युरिया पाणी ओढून धरतात, तर पेट्रोलियम जेली बाष्पीभवन रोखते. वृद्धांत कोलेस्टेरॉल अधिक असलेले तीन मेदद्रव्यांचे मिश्रण दुरुस्तीला वेग देते, तर इसबात सेरामाइडप्रधान मिश्रणाला प्राधान्य दिले जाते.