प्रवाळ डिंभांचे स्थिरावणे

उष्ण कटिबंधीय समुद्रात तरंगणारा प्रवाळाचा डिंभ (अळीसारखी बाल्यावस्था) तळ गाठून कठीण पृष्ठभागाला चिकटतो, त्याचे पॉलिपात (एका जागी बसून राहणाऱ्या नळीसारख्या प्रवाळजीवात) रूपांतर होते आणि तो तग धरून वसाहत उभारू लागतो. या सलग क्रियेला ‘स्थिरावणे’ ही संज्ञा लावतात. ‘पोवळे’ या रूढ शब्दामागचा संस्कृत ‘प्रवाल’ शब्द कोवळी पालवी, अंकुर या अर्थानेही येतो. तांबूस पालवीशी असलेल्या साम्यावरून ते नाव पोवळ्याला मिळाले असावे, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. दागिन्यांतले तांबडे पोवळे मात्र मुख्यतः भूमध्य समुद्रातले असून ते भित्ती (प्रवाळांच्या सांगाड्यांचा समुद्रातील खडकासारखा बांध) बांधत नाही. ही नोंद अश्मप्रवाळांविषयी (चुन्याचा कठीण सांगाडा घडवणारा स्क्लेरॅक्टिनिया गण) आहे.

बहुतेक अश्मप्रवाळ अंडी व शुक्राणू पाण्यात सोडतात. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर वसंत ऋतूतील पौर्णिमेनंतरच्या मोजक्या रात्रींत अनेक जाती हे एकाच सुमारास करतात, ही गोष्ट १९८० च्या दशकाच्या प्रारंभी उघड झाली. असे डिंभ चिकटण्याजोगे होण्यास बहुधा काही दिवस लागतात व तेवढ्यात प्रवाह त्यांना दूर नेतो. काही जातींत डिंभ मातेच्या शरीरातच वाढतो. तो बाहेर पडल्यावर काही तासांतही चिकटू शकतो.

प्लॅन्युला नावाचा हा डिंभ साधारण मिलिमीटरभर किंवा त्याहून लहान असून पक्ष्माभिकांच्या (केसांसारख्या सूक्ष्म तंतूंच्या) साहाय्याने पोहतो. तळाशी आल्यावर तो पृष्ठभाग जणू चाचपत फिरतो. मग मुखाच्या विरुद्ध टोकाने तो चिकटतो, चपटा होतो आणि लवकरच ॲरॅगोनाइटचे (चुनायुक्त खनिजाचे) तळपट घालू लागतो. त्यावर सहाच्या पटीत अरीय (मध्यापासून कडेकडे जाणारे) पडदे उभे राहतात. सहजीवी शैवाल काही जातींत अंड्यातूनच मिळते. इतरांत ते भोवतालच्या पाण्यातून घ्यावे लागते.

जागा निवडण्याचा इशारा डिंभाला कोठून मिळतो, हा या विषयातील सर्वांत वादग्रस्त प्रश्न आहे. खडकावर गुलाबी पापुद्र्यासारखे वाढणारे चुनायुक्त तांबडे शैवाल डिंभांना आकर्षित करते, एवढे निश्चित. कॅरिबियन समुद्रातील ॲगॅरिसिया प्रवाळावरील १९८० च्या दशकातील प्रयोगांवरून हा इशारा शैवालाच्या पेशीभित्तीतील शर्करायुक्त संयुगांचा मानला गेला. २००१ मध्ये अशाच शैवालावरून वेगळ्या केलेल्या स्यूडोआल्टेरोमोनास जीवाणूने ॲक्रोपोरा मिलेपोरा जातीच्या डिंभांचे रूपांतर घडवून आणले आणि श्रेय शैवालाचे की त्यावरील जीवाणूंचे, असा पेच उभा राहिला. पुढे २०११ च्या सुमारास या गटातील जीवाणूंचे टेट्राब्रोमोपायरोल हे ब्रोमीनयुक्त संयुग कारणीभूत असल्याचे दाखवले गेले. तथापि पॅसिफिकमधील ॲक्रोपोराचे डिंभ त्याच्या प्रभावाने बहुधा न चिकटताच रूपांतरित होत, आणि न चिकटलेला पॉलिप भित्तीच्या दृष्टीने वायाच जातो. काही कॅरिबियन जातींत मात्र चिकटणे व रूपांतरण दोन्ही घडलेले आढळले. नंतरच्या काळात शैवालातील ग्लायकोग्लिसरोलिपिडांकडे (शर्करा जोडलेल्या मेदयुक्त संयुगांकडे) पुन्हा लक्ष वळले. एकाच संयुगाचा शोध घेण्यापेक्षा शैवाल व जीवाणूंचे पटल यांचा एकत्रित व जातीगणिक बदलणारा प्रभाव मानणे उपलब्ध पुराव्याशी अधिक जुळते. प्रकाश, रंग व भित्तीवरील आवाज यांनाही डिंभ प्रतिसाद देतात.

चिकटणे म्हणजे स्थिरावणे नव्हे. पहिल्या वर्षात बहुसंख्य पॉलिप मरतात. गाळ, मोकाट वाढणारे शैवाल आणि खडक खरवडून चरणारे मासे ही त्याची प्रमुख कारणे. उथळ पाण्यात आडोशाच्या फटी व खडकांची खालची बाजू डिंभांना अधिक मानवते. अभ्यासासाठी ठेवलेल्या भाजक्या मातीच्या फरशांवरही हेच दिसते. आधारही पक्का लागतो. मृत ॲक्रोपोराचा सांगाडा कोसळला की त्यावर बसलेली पिल्लेही त्याच्याबरोबर जातात. १९९८ च्या विरंजनानंतर (पाणी तापून सहजीवी शैवाल गमावल्याने प्रवाळ पांढरे पडण्यानंतर) लक्षद्वीपमध्ये प्रवाळ सर्वत्र सारख्या गतीने परतले नाहीत. स्थानिक परिस्थितीनुसार त्यांत मोठा फरक पडला.

मुंबईला प्रवाळभित्ती नाही. तरीही हाजी अली, वरळी, मरीन ड्राइव्ह व कुलाबा येथील खडकाळ किनाऱ्यावर विखुरलेल्या प्रवाळवसाहती आढळतात. ऊलॅस्ट्रिया क्रिस्पाटा आणि ऱ्हायझँजिइडी कुलातील प्रवाळ येथून नोंदले गेले आहेत. पैकी ऊलॅस्ट्रिया गढूळ पाणी विशेष सोसते. पावसाळ्यातील गाळ, खाडीचे गोडे पाणी आणि उधाणाच्या ओहोटीत उघडा पडणारा बेसाल्ट पाहता येथे डिंभ तग धरतात हेच मोलाचे आहे, आणि या वसाहतींना किरकोळ समजणे चूक आहे. अश्मप्रवाळांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये स्थान मिळाले. सागरी किनारा रस्त्याच्या कामात वरळी व हाजी अली येथील वसाहती २०२० मध्ये उचलून शहराच्याच किनाऱ्यावर अन्यत्र बसवण्यात आल्या. अशा स्थलांतराचे यश वाचलेल्या वसाहतींवरून मोजतात. प्रस्तुत लेखकाच्या मते नव्या जागी पुढच्या पिढीचे पॉलिप बसतात का, हेही मोजले पाहिजे. त्यासाठी मोठ्या ओहोटीत खडकांच्या कपारी व दगडांच्या खालच्या बाजू भिंग घेऊन पाहाव्या लागतात आणि पाहून झाल्यावर दगड होता तसाच पालथा ठेवावा लागतो.