मोटर चालू आहे, पण पाणी येतंय का?

निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत मोबाईलवर चालणारे स्टार्टर आता नवलाईचे राहिलेले नाहीत. थ्री फेज लाईट पुष्कळदा रात्री येते, विहीर घरापासून लांब, आणि गोदाकाठच्या उसात बिबट्या. अशा वेळी घरबसल्या मोटर सुरू करता येणं ही मोठीच सोय. पण सुरू करणं हा या यंत्राचा सोपा भाग आहे. मोटर खरंच पाणी उचलतेय का, हे लांबून कळणं अवघड.

स्टार्टरमध्ये कॉन्टॅक्टर, म्हणजे चुंबकाने चालणारा स्विच असतो. हिरवं बटण दाबलं की त्याच्या कॉइलला करंट मिळतो, कॉइल चुंबक बनते आणि तिन्ही फेज मोटरला जोडले जातात. लाल बटण कॉइलचा करंट तोडतं. स्टार्टरला जोडलेला मोबाईलचा डबा या दोन बटणांचीच नक्कल करतो. त्याची एक रिले (विजेने चालणारा छोटा स्विच) हिरव्या बटणाला समांतर जोडतात, दुसरी लाल बटणाला एकसर. डब्यात सिमकार्ड असतं. कॉल लावून 1 दाबला की 697 आणि 1209 हर्ट्झचे दोन सूर एकदम जातात, त्यावरून डबा हुकूम ओळखतो. डबा लोखंडी पेटीत बसवला, तर अँटेना मात्र पेटीबाहेर काढावी लागते. धातूची पेटी रेडिओलहरी अडवते.

आता पाण्याचा तपास. तो लागतो करंटवरून. मोटरच्या एका फेजच्या वायरीभोवती सीटी नावाची कडी घालतात. वायरीतल्या करंटचं चुंबकीय क्षेत्र सतत बदलत असतं, त्यामुळे कडीवरच्या वेढ्यांत छोटासा करंट उमटतो आणि डबा तो मोजतो. 5 एचपीची मोटर 415 व्होल्टवर पूर्ण लोडला साधारण 7 ते 8 अँपिअर घेते. विहीर उपसली की पंपाला उचलायला पाणी उरत नाही, मोटरचं काम हलकं होतं आणि करंट उतरतो. तो शून्यावर मात्र येत नाही, कारण मोटरमधलं चुंबकीय क्षेत्र टिकवायलाही करंट लागतोच.

म्हणून ड्राय रनची, म्हणजे मोटर पाण्याविना चालतेय असं समजून डब्याने ती बंद करायची, करंटची मर्यादा छापील तक्त्यावरून भरणं मला धोक्याचं वाटतं. विहिरीत भरपूर पाणी असताना, ठिबकचे नेहमीचे व्हॉल्व्ह उघडे ठेवून मोटर चालवावी, आकडा स्थिरावू द्यावा आणि मगच त्याच्या थोडी खाली मर्यादा ठेवावी. सगळे व्हॉल्व्ह चुकून बंद राहिले तरी करंट असाच उतरतो. डब्याला वाटतं विहीर आटली, आणि तो मोटर तोडतो. तेही बरंच, कारण सबमर्सिबल मोटर वाहत्या पाण्यानेच थंड राहते.

एखादा फेज गेला की उलटं घडतं. चालू मोटर उरलेल्या दोन फेजांवर सुमारे पावणेदोन पट करंट ओढू लागते. वेळेत तोडली नाही तर वाइंडिंग जळालंच.

नाशिकच्या काळ्या पाषाणात पाणी भेगांतून पाझरतं, त्यामुळे उपसलेली विहीर उन्हाळ्यात भरायला तासन्‌तास घेते. ड्राय रननंतर मोटर पुन्हा कधी लावायची, ती वेळ आपल्या विहिरीच्या चालीवरून ठरवावी. आणि विहिरीत कुणी उतरणार असेल, तर डब्यावर विसंबू नये. मेन स्विच पाडून फ्यूज काढून खिशात ठेवावेत. एक कॉल आला की मोटर सुरू होते, खाली माणूस आहे हे डब्याला कळत नाही.

उरला ऑटोचा, म्हणजे लाईट येताच मोटर आपोआप सुरू होण्याचा प्रश्न. सुरू होताना मोटर नेहमीच्या सहा-सात पट करंट ओढते. लाईट येताच एका डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्या मोटरी एकदम उठल्या तर डीपी जळू शकते, म्हणूनच महावितरण ऑटोस्विच काढायला सांगत आलं आहे. मोबाईलच्या डब्यातही ऑटो असतो, पण बऱ्याच डब्यांत लाईट आल्यावर किती वेळाने मोटर लावायची ते ठरवता येतं. बसवणाऱ्याकडून ती सेटिंग समजून घ्यावी आणि डीपीवरच्या शेजाऱ्यांशी बोलून कुणी 1 मिनिट, कुणी 3, कुणी 5 अशी वेगवेगळी ठेवावी.