रेझर आजोबांचा, ब्लेड आजचं

आजोबांचा सेफ्टी रेझर अजून घरात आहे. मूठ फिरवली की त्याचे तीन तुकडे हातात येतात: मूठ, खालची पट्टी आणि वरची टोपी. टोपीच्या कडेचं निकेल उडून आतलं पितळ दिसतं, पट्टीवर बारीक अक्षरांत 'मेड इन इंग्लंड' आहे. आजोबा सोलापुरात गिरणीच्या साचेखात्यात होते. पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आत त्यांची दाढी उरकलेली असायची.

गेल्या दिवाळीत मामेभावाने साडेचार हजारांचा नवा, अख्खा स्टेनलेस स्टीलचा रेझर आणला आणि पहिल्या आंघोळीआधीच घरात दोन तट पडले. मामा म्हणे, जुन्याची सर नव्याला नाही. पोरं म्हणत, मामांना पितळ दिसलं की गहिवरून येतं. कोणाच्याच लक्षात आलं नाही, की दोन्ही रेझरमध्ये घातलेलं ब्लेड एकाच पाकिटातलं होतं. या वादामागची सगळी गोष्ट त्या पाकिटात आहे, असं माझं मत आहे.

'सेफ्टी' हा शब्द आला वस्तऱ्याच्या धाकातून. उघडं पातं, गळ्यावर आडवं आणि हात दुसऱ्याचा. हजामत या शब्दाचं मूळही रक्ताशी जुळलेलं आहे: अरबीत हज्जाम म्हणजे तुंबड्या लावून रक्त काढणारा. १७६०च्या दशकात झां-जाक पेरे नावाच्या फ्रेंच सुरीकाराने वस्तऱ्याच्या पात्याला लाकडी आवरण बसवलं, म्हणजे धार थोडीशीच बाहेर राहील. १८४७ साली इंग्लंडमध्ये विल्यम हेन्सन यांनी कुदळीला दांडा असतो तशी आडव्या पात्याला मूठ लावली. १८८० साली न्यूयॉर्कच्या कॅम्फे बंधूंनी या घाटाच्या रेझरचं पेटंट घेतलं. पण या सगळ्यांत पातं होतं ते वस्तऱ्याचंच, जाड. त्याला निसण्यावर घासायचं, चामड्याच्या पट्ट्यावर फिरवायचं, हे काही सुटलं नव्हतं.

ते सोडवलं किंग कॅम्प जिलेट यांनी. हा गृहस्थ बाटल्यांची पत्र्याची बुचं विकणाऱ्या कंपनीचा फिरता विक्रेता. (रिकाम्या वेळेत सगळी अमेरिका नायगाऱ्याजवळच्या एकाच शहरात वसवायची आणि स्पर्धा बंद करायची, अशी स्वप्नं तो बघायचा. त्याच विषयावर १८९४ साली त्याने पुस्तकही काढलं. माणूस गमतीचा.) बूच एकदा वापरून फेकतात, तसं पातंही फेकता आलं पाहिजे, हे १८९५ साली त्याच्या डोक्यात आलं. कल्पना सोपी, करणं अवघड. कागदासारख्या पातळ पोलादाला पाणी देताना, म्हणजे तापवून एकदम गार करून टणक करताना, ते वेडंवाकडं होतं. विल्यम निकरसन या अभियंत्याने त्यासाठी यंत्रं बसवली. १९०३ साली विक्री झाली ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं. पुढच्या वर्षी पेटंट मिळालं. रेझरची किंमत ५ डॉलर, त्या वेळच्या कामगाराला जड जाईल अशी. मग पहिलं महायुद्ध आलं, विषारी वायूचा मुखवटा तोंडावर घट्ट बसायला दाढी साफ लागते, आणि अमेरिकन सरकारने सैनिकांसाठी सुमारे ३५ लाख रेझर आणि ३ कोटी २० लाख ब्लेडं घेतली. स्वतःची दाढी स्वतः करायची सवय घेऊनच ही पोरं घरी परतली.

आपल्याकडे ही सवय वेगळ्या वाटेने आली. गावात न्हावी हा बलुतेदार. धोकटी घेऊन ओसरीवर यायचा, खळ्यावर धान्य न्यायचा. त्या व्यवस्थेत कोणाच्या दाढीला वस्तरा लागणार आणि कोणाच्या नाही, हे जातीने ठरलेलं असे. बाबासाहेब आंबेडकरांनी लिहून ठेवलं आहे, की साताऱ्यात न्हावी पुष्कळ होते, पैसेही देता आले असते, पण कोणी हात लावत नसे. म्हणून भावंडांचे केस थोरली बहीण कापायची. सेफ्टी रेझरच्या इतिहासात ही बाजू सहसा येत नाही. कोणाचीही मिनतवारी न करता आरशासमोर बसून दाढी करता येणं, ही काहींसाठी निव्वळ सोय होती, काहींसाठी बरंच काही. सोलापूरसारख्या गिरणगावात पाळ्यांच्या वेळा आणि रोख पगार आल्यावर धोकटीचा जुना हिशोब तसाही मोडलाच.

आता रेझरच्या माथ्याकडे, म्हणजे टोपी आणि पट्टीकडे येऊ. जिलेटच्या पहिल्या रेझरची खालची पट्टी फणीसारखी दातेरी होती. १९२१ साली पेटंट संपलं, त्या सुमारास कंपनीने सुधारित माथा काढला. १९३० साली ब्लेडच्या मधोमध लांब खाच आली आणि कोपरे कापले गेले, कारण रेझर हातातून पडला की टोपीचा कोपरा चेपायचा आणि ब्लेड वाकडं बसायचं. ब्लेडचा तोच घाट आजही दुकानात मिळतो. १९०४च्या रेझरमध्ये सदर बाजारातल्या दुकानातून आज सकाळी घेतलेलं ब्लेड बसतं. एवढी वर्षं एकाच मापावर टिकलेल्या वस्तू फार नाहीत. १९३८च्या सुमारास जिलेटचा 'टेक' नावाचा रेझर आला: दाते गेले, सपाट पट्टी आली, दाढी सौम्य झाली. आजोबांचा रेझर याच जातीचा. १९५८ साली मुठीवरची कडी १ ते ९ आकड्यांवर फिरवून ब्लेड आणि पट्टीतली फट कमी-जास्त करायचा रेझर निघाला. जाड मुठीमुळे शौकीन त्याला 'फॅटबॉय' म्हणतात.

दाढी कशी होणार हे माथ्यावर तीन गोष्टींनी ठरतं: धार टोपी-पट्टीच्या रेषेबाहेर किती डोकावते, फट किती, आणि ब्लेड किती घट्ट दाबलं जातं. घट्ट दाबलं नाही तर ब्लेड थरथरतं आणि गाल चरचरतो. या तिन्हींचा हिशोब १९५८पर्यंत कारागिरांना पक्का कळलेला होता. त्यानंतर माथ्यात फार मोठं नवं काही घडलेलं नाही, हे नव्याच्या बाजूच्यांनी मान्य करायला हरकत नाही.

पण जुन्याच्या बाजूचे एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतात. आजोबांच्या रेझरमध्ये आजोबांचं ब्लेड असायचं.

ते साध्या कार्बन पोलादाचं होतं. दाढी झाल्यावर पुसून, तेलाचं बोट फिरवून ठेवलं नाही तर दुसऱ्या दिवशी कडेला तांबूस ठिपके. आमच्याकडे दाढीच्या सामानात काचेचा एक जाड पेला होता, पाणी प्यायला कोणी घ्यायचं नाही. आजोबा ब्लेड त्याच्या आतल्या बाजूला बोटाने दाबून पुढे-मागे घासायचे, पंचवीस वेळा इकडे, उलटून पंचवीस वेळा तिकडे. कर्र कर्र असा बारीक आवाज यायचा. एवढं करूनही तिसऱ्या-चौथ्या दाढीला ते केस कापायच्या ऐवजी ओढायचं. तुरटीचा खडा शोभेला नसायचा.

खरी उलथापालथ झाली १९६०च्या दशकात. १९६०ला जिलेटने धारेवर सिलिकॉनचा लेप दिलेलं ब्लेड आणलं. पाठोपाठ लंडनच्या विल्किन्सन स्वोर्ड या तलवारी बनवणाऱ्या जुन्या कंपनीने स्टेनलेस स्टीलचं ब्लेड बाजारात आणलं आणि लोक त्यावर तुटून पडले. जिलेटला १९६३ साली स्वतःचं स्टेनलेस काढावंच लागलं. नंतर धारेवर टेफ्लॉनच्या जातीचा लेप आणि क्रोमियम-प्लॅटिनमसारख्या धातूंचे अतिशय पातळ थर आले. ब्लेड गंजायचं थांबलं, केसावरून घसरायला लागलं, तीनऐवजी पाच-सहा दाढ्या टिकायला लागलं. आपल्याकडे मल्होत्रा घराण्याच्या कारखान्यांतलं 'टोपाझ' ब्लेड घरोघरी गेलं, ठाण्यात 'सुपर-मॅक्स' तयार व्हायला लागलं, १९८०च्या दशकात 'सेव्हन ओ क्लॉक'. मामांना आठवते ती आजोबांच्या रेझरची गुळगुळीत दाढी या ब्लेडांच्या जमान्यातली आहे. पेल्यावर घासलेल्या ब्लेडची दाढी मामांनी केलेलीच नाही. वय बघता शक्यही नाही.

न्हाव्याच्या हातातही आता तेच ब्लेड आहे. एड्सच्या भीतीनंतर एकच वस्तरा सगळ्यांना लावणं मागे पडलं. अशोक चौकाजवळ मी ज्यांच्याकडे जातो ते अण्णा ब्लेड कागदासकट मधोमध वाकवतात, टक्‌कन दोन तुकडे होतात, अर्धा तुकडा उस्तऱ्याच्या पोकळ पात्यात सरकवतात. गिऱ्हाईक तेलुगू असेल तर तेलुगूत, नाहीतर कन्नडमध्ये, माझ्याशी मराठीत. (कन्नडमध्ये गड्ड म्हणजे दाढी. सिद्धेश्वरांच्या यात्रेला आपण गड्डा म्हणतो, त्यावरून अण्णांचे जानेवारीभर विनोद चालतात.) जुना रेझर चांगला की नवा, असं विचारलं तर म्हणाले, "हत्यार कुठलं बी असू द्या की. आधी केस भिजला पायजे."

यात तथ्य आहे. कोमट पाण्याने दोन-तीन मिनिटं भिजलेला केस फुगतो, मऊ होतो, कमी जोरात कापला जातो. २०२० साली 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं, की केस पोलादाहून सुमारे ५० पट मऊ असूनही धारेचे टवके काढतो. धार घासून बोथट होते ही जुनी समजूत त्यामुळे अपुरी ठरली. केस कोणत्या कोनात, धारेच्या कोणत्या जागी भेटतो यावर टवका ठरतो. म्हणजे माथ्याने ब्लेड घट्ट धरणं पुन्हा महत्त्वाचं.

आणि पाणी. सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, मधल्या दिवसांत बोअरचं. ते इतकं जड, की साबणाचा फेस व्हायच्या ऐवजी ताटलीत दह्यासारखी साय जमते. बिनपाण्याने हजामत हा आमच्याकडे नुसता वाक्प्रचार नाही. जिलेटलाही हा धडा महागात पडला होता. २००२ साली त्यांनी भारतासाठी 'व्हेक्टर' हा एकाहून जास्त पात्यांचा रेझर काढला, तो आधी तपासला होता एमआयटीत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांवर, अमेरिकेतल्या वाहत्या नळाखाली. इथे लोक तांब्याभर पाण्यात रेझर बुडवून दाढी करत होते, ब्लेडांच्या फटीत केस अडकून बसले. मग त्यांनी इथल्या घरांत बसून लोकांची दाढी पाहिली आणि २०१०ला 'गार्ड' आणला: रेझर १५ रुपये, वरचा तुकडा ५ रुपये, आणि पातं एकच. दोन, तीन, पाच पात्यांची चढाओढ १९७१पासून चालू होती. ती इथल्या तांब्यापाशी येऊन एकावर थांबली. सेफ्टी रेझरला हा त्रास कधीच नव्हता, पाण्यात दोनदा हलवला की साफ.

नवीन सेफ्टी रेझरमध्ये फरक पडला आहे तो धातूत. जुने बहुतेक पितळेचे. आजचे स्वस्तातले जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव, वर क्रोमचा मुलामा. मुलामा टिकला तोवर झकास, एकदा फुटला की आत जस्त कुजतं. मी मागवलेल्या एका रेझरचा आटा आठव्या महिन्यात टोपीतच तुटून राहिला. विकणाऱ्याने उत्तर दिलं नाही. महाग नवे रेझर स्टेनलेसच्या ठोकळ्यातून संगणकी यंत्रावर कोरतात, ब्लेड दोन्ही बाजूंना अगदी सारखं बसतं. जुन्यात हे नशिबावर: पूर्वीच्या मालकाने तो किती वेळा पाडला होता, यावर.

एरवी नवा म्हणजे सौम्य आणि जुना म्हणजे कडक, किंवा उलट, असं काही नाही. जर्मनीतल्या म्यूले कंपनीचा आर४१ नवा असूनही भलताच आक्रमक आहे, नवख्याने लांबच राहावं. सोलिंगनचा मर्कूर ३४सी त्याच्यासमोर गाय. या दोन नव्यांत जेवढं अंतर आहे, तेवढं आजोबांच्या टेकमध्ये आणि मर्कूरमध्ये नाही.

दिवाळीनंतर मी तीन आठवडे एक खेळ केला. मामेभावाचा रेझर मागून आणला, एकाच पाकिटातली दोन ब्लेडं, डावा गाल जुन्याने, उजवा नव्याने, दर आठवड्याला बाजू बदलून. गालावर फरक शून्य. बायकोला हात फिरवून ओळखायला सांगितलं, तिने दोनदा चुकीचं सांगितलं आणि तिसऱ्यांदा नकार दिला. हनुवटीखाली, जिथे केस आडवे उगवतात, तिथे नवा सरस ठरला, दोन फटकाऱ्यांचं काम एकात. त्याच जागी उलटा हात मारताना त्यानेच दोनदा रक्त काढलं, जुन्याने एकदाही नाही. चौथ्या आठवड्यात जुन्यात मुद्दाम सात दाढ्या झालेलं ब्लेड घातलं आणि नव्यात कोरं. मग मात्र आंधळ्यालाही कळलं असतं.

नवा रेझर मामेभावाला परत केला. मी आजोबांचाच वापरतो, ब्लेड पाचव्या दाढीला बदलतो. आजोबा टाकत नसत. संपलेलं ब्लेड ते अर्धं मोडून, एक धार कागदात गुंडाळून आजीला द्यायचे, आणि ती त्याने चादरीच्या दशा कापायची.