उन्हाळ्याआधी कुंडीतल्या मुळांकडे बघा

महाशिवरात्र ते गुढीपाडवा हा जेमतेम महिनाभराचा काळ घरच्या बागेसाठी फार मोलाचा असतो. पुण्यासारख्या ठिकाणी फेब्रुवारीत रात्री पारा 12-14 अंशांपर्यंत उतरतो आणि एप्रिलच्या दुपारी 38 अंशांच्या आसपास जातो. या दोन टोकांच्या मधे माती कोमट होते, थंडीत मंदावलेली मुळं भराभर वाढू लागतात आणि फांद्यांवर पालवी फुटते. मुळांना दुखावणारं कोणतंही काम करायचं असेल तर ते आत्ताच करावं. तुटलेल्या मुळांना नवे तंतू फुटायला तीन-चार आठवडे लागतात. तेच काम एप्रिलच्या मध्यावर केलं, तर पानं पाणी मागतात आणि मुळं ते देऊ शकत नाहीत. झाड आठ दिवसांत वाळतं आणि दोष मात्र खताला दिला जातो.

थंड देशांच्या बागकामाच्या वेळापत्रकावर विसंबून इथे बरंच नुकसान होतं. तिकडे वसंताच्या तोंडावर गुलाबाची मोठी छाटणी करतात, कारण पुढे सौम्य उन्हाळा असतो. आपल्याकडे गुलाबाची मुख्य छाटणी पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात होते. मार्चमध्ये गुलाब खोल छाटला तर पानांची सावली जाते, उघड्या पडलेल्या फांद्यांची साल उन्हाने भाजते आणि फांदी वरून खाली काळी पडत जाते. आत्ता गुलाबाची वाळकी फुलं आणि मेलेल्या काड्या काढल्या की पुरे.

आता कुंडी. पाणी घातल्याबरोबर ते कडेने सरळ खाली वाहून जातं का? तळाच्या भोकातून मुळं डोकावतात का? रोज पाणी देऊनही झाड दुपारी मान टाकतं का? तसं असेल तर आत मातीपेक्षा मुळंच जास्त झाली आहेत. आदल्या दिवशी भरपूर पाणी द्यावं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कुंडी उपडी धरून, खोड दोन बोटांच्या मधे ठेवून, कुंडीचा काठ ओट्याच्या कडेवर हलके आपटावा. अख्खा गोळा बाहेर येतो. त्याच्या तळाशी मुळं चुंबळीसारखी गोल गोल वळलेली दिसतील. ही चुंबळ तशीच मोठ्या कुंडीत ठेवली तर मुळं नव्या मातीत शिरायला फार वेळ घेतात, त्याच वर्तुळात फिरत राहतात. म्हणून धारदार सुरीने तळाचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर कापून टाकावा, बाजूंनी तीन-चार उभ्या चिरा द्याव्यात आणि बोटांनी कडा मोकळ्या कराव्यात. जेवढी मुळं गेली, साधारण त्या प्रमाणात वरच्या फांद्याही कमी कराव्यात. नवी कुंडी फक्त दोन इंच जास्त व्यासाची घ्यावी. एकदम मोठ्या कुंडीत मुळं न पोचलेली माती सतत ओली राहते आणि तिथूनच कुज सुरू होते. नंतर आठ दिवस झाड सावलीत ठेवावं, महिनाभर रासायनिक खत देऊ नये. ताज्या जखमांवर खताचे क्षार आले की मुळांतलं पाणी उलट बाहेर ओढलं जातं.

कुंडीच्या तळाला खडीचा किंवा विटेच्या तुकड्यांचा थर द्यायची पद्धत घरोघरी आहे. निचरा व्हावा म्हणून तो देतात, पण परिणाम नेमका उलटा होतो. हे घरी पाहता येतं. भांडी घासायचा लांबट स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरा. पाणी गळेल आणि थांबेल. आता तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी गळू लागेल. स्पंज तोच, छिद्रं तीच, फक्त पाण्याच्या स्तंभाची उंची वाढली. बारीक छिद्रांत केशाकर्षणाने धरून ठेवलेलं पाणी सर्वांत खालच्या थरात साचून राहतं. त्या थराची जाडी मातीच्या पोतावर ठरते, कुंडीच्या उंचीवर नाही. आणि बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या फटींमध्ये उतरतच नाही, जोवर वरची माती पूर्ण भिजून ओसंडत नाही. समजा तुमच्या मातीत हा चिंब थर 5 सेंटिमीटरचा आहे. 30 सेंटिमीटर मातीत वरचे 25 सेंटिमीटर हवेशीर राहतात. तळाला 8 सेंटिमीटर खडी घातली तर चिंब थर तेवढाच वर सरकतो आणि मुळांना हवेशीर माती उरते 17 सेंटिमीटर. भोकावर एक खापराचा तुकडा किंवा डासांच्या जाळीचा तुकडा ठेवावा, माती वाहून जाऊ नये एवढ्यासाठीच. निचरा सुधारायचा तर मातीतच सुधारावा लागतो.

त्यासाठी दोन भाग लाल माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग कोकोपीट हे मिश्रण बहुतेक फुलझाडांना मानवतं. दहा इंची कुंडीला मूठभर निंबोळी पेंड मिसळावी. विदर्भ-मराठवाड्यात काळी माती सहज मिळते, पण कुंडीत ती एकटी वापरू नये. तिच्यातली चिकणमाती ओली झाली की फुगते आणि हवा कोंडते, वाळली की भेगाळते आणि भेगांबरोबर कोवळी मुळं तुटतात. एक भाग काळी माती, एक भाग जाडी वाळू आणि एक भाग खत असं करून पाहावं. कोकोपीटची वीट भिजवून, पिळून, ते पाणी दोनदा टाकून द्यावं. नारळाच्या काथ्यात मीठ असतं आणि न धुतलेल्या कोकोपीटमुळे पानांच्या कडा तपकिरी होतात. शेणखताला वास येत असेल, हात घातल्यावर ऊब लागत असेल, तर ते कच्चं आहे. त्यातून हुमणीच्या पांढऱ्या अळ्याही कुंडीत येतात आणि मुळं कुरतडतात.

छाटणीचा या दिवसांतला खरा मानकरी मोगरा. मोगऱ्याची फुलं नव्या फुटीच्या टोकाला येतात, जुन्या काडीवर नाही. म्हणून न छाटलेला मोगरा नुसता लांबत जातो आणि फुलं मोजकी देतो. फेब्रुवारी संपायच्या आत कुंडीतल्या झाडाला पाच-सहा दिवस पाणी अगदी कमी करावं. शेतकरी याला ताण देणं म्हणतात. जमिनीतल्या झाडाला पंधरा दिवसांचा ताण सोसतो, कुंडीत तेवढा दिला तर मुळं वाळतात. मग फांद्या एक तृतीयांश ते निम्म्या कापाव्यात. काप डोळ्याच्या, म्हणजे जिथून नवी फूट निघते त्या उंचवट्याच्या, वर अर्धा सेंटिमीटर, तिरका आणि बाहेरच्या दिशेला तोंड असलेल्या डोळ्यावर घ्यावा. कात्री आधी स्पिरिटने पुसावी. शेंड्यात तयार होणारं ऑक्झिन हे संप्रेरक फांदीतून खाली वाहतं आणि बाजूच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा गेला की तो दाब उठतो, शेंड्याकडे जाणारी साखरही डोळ्यांकडे वळते आणि एकेका काडीवर दोन-तीन फुटी निघतात. त्यानंतर दोन मुठी गांडूळखत, भरपूर पाणी आणि किमान पाच तास थेट ऊन. साधारण दीड-दोन महिन्यांत कळ्या धरतात. युरिया मात्र टाळावा, त्याने पानंच माजतात. फुलांचा एक बहर ओसरला की शेंडे दोन पेरं मागे खुडावेत, पुढचा बहर लवकर येतो. तुळशीच्या मंजिऱ्याही याच हिशोबाने कोवळ्या असतानाच खुडाव्यात. बी धरलं की झाडाची शक्ती त्यात जाते.

कोवळी पालवी आली की जास्वंदीवर पिठ्या ढेकूण येतोच. पानाच्या देठाजवळ कापसासारखा ठिपका दिसतो, पान चिकट लागतं, खालच्या पानांवर काजळी धरते आणि मुंग्यांची रांग वर-खाली करते. मुंग्या त्याच्या गोड चिकट द्रवासाठी त्याची राखण करतात, मित्रकीटकांना हाकलतात. त्यामुळे मुंग्यांची वाट तोडल्याशिवाय कीड हटत नाही. कुंडी पाण्याने भरलेल्या ताटात विटेवर ठेवावी, फांद्या भिंतीला टेकू देऊ नयेत, ताटातलं पाणी डास होऊ नयेत म्हणून दर दोन-तीन दिवसांनी बदलावं. मोजकेच ठिपके असतील तर स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसावेत. जास्त असतील तर आधी पाण्याचा जोरदार फवारा मारावा. मग एक लिटर कोमट पाण्यात 5 मिली सौम्य द्रवरूप साबण मिसळून त्यात 5 मिली निंबतेल घालून दुधासारखं होईपर्यंत ढवळावं. साबण आधी नसेल तर तेल वर तरंगतं आणि एखाद्याच पानावर सगळं पडून ते भाजतं. फवारणी सूर्यास्तानंतर, पानांच्या खालच्या बाजूने, सात-सात दिवसांनी तीनदा करावी. एकदाच करून थांबलं तर मेणकट पिशवीतली अंडी वाचतात आणि पंधरवड्यात सगळं परत येतं.

भाज्यांचं थोडक्यात: भेंडी, गवार, काकडी, दोडका आत्ता पेरा. भेंडीचं बी रात्रभर भिजवा. टोमॅटो नव्याने लावू नका, 35 अंशांच्या पुढे त्याचे परागकण निकामी होऊन फुलं गळतात.

याच दिवसांत रस्तोरस्ती पानगळ असते. ही वाळकी पानं जाळण्यासाठी नाहीत. चुरून त्यांचा दोन इंचांचा थर मातीवर पसरावा, खोडाभोवती बोटभर जागा मोकळी ठेवून. मातीवर थेट ऊन पडत नाही, बाष्पीभवन घटतं, वरची मुळं शिजत नाहीत. गच्चीवरची काळी प्लॅस्टिकची कुंडी तर बाजूनेच तापते, तिच्यावर ओलं गोणपाट गुंडाळावं.

पाणी सकाळी आठच्या आत, तळातून गळेपर्यंत द्यावं. रोज थोडं शिंपडलं तर मुळं वरच राहतात आणि तिथेच ऊन सर्वांत जास्त लागतं. कोकोपीट पूर्ण वाळलं असेल तर ते पाणी झिडकारतं. अशी कुंडी बादलीत अर्धा तास, बुडबुडे थांबेपर्यंत बुडवून ठेवावी. आणि दुपारी दोनला पानं मलूल दिसली म्हणून लगेच झारी उचलू नये. त्या वेळी पानांतून पाणी इतक्या वेगाने उडतं की ओल्या मातीतली मुळंही ते पुरवू शकत नाहीत. संध्याकाळी सातला पुन्हा बघावं. पानं ताठ झाली असतील तर पाणी पुरेसं आहे. नसतील तर बोट दोन इंच मातीत घालावं: कोरडं लागलं तर पाणी द्यावं, ओलं लागलं तर कुंडी उपडी करून मुळं तपासावीत.