चित्रपर्णी लोंबत्या वेली, घरगुती (नाशिक परिसर)

हिरव्या पानांवर पांढरे, पिवळे, रुपेरी किंवा गुलाबी पट्टे, शिंतोडे अथवा कडा असलेल्या आणि लटकत्या कुंडीतून खाली सोडता येणाऱ्या शोभेच्या वेली. रोपवाटिकांत त्यांना सरसकट ‘व्हेरिगेटेड’ म्हणतात. हा वनस्पतिशास्त्रातील गट नव्हे. सुरण कुलातील मनीप्लांट, सिंगोनियम व फिलोडेंड्रॉन, केना कुलातील ट्रॅडेस्कँशिया, तसेच कण्हेर कुलातील (जुन्या वर्गीकरणानुसार रुई कुलातील) होया व सिरोपेजिया अशा दूरदूरच्या वनस्पती केवळ पानांच्या रंगामुळे व वाढीच्या सवयीमुळे संग्राहकांच्या कठड्यावर शेजारी येतात. स्पायडर प्लांट ही वेल नसली तरी लांब दांड्यांवर लोंबणाऱ्या तिच्या पिलांमुळे तिलाही या गटात जागा मिळाली आहे.

मोगल काळात गुलशनाबाद म्हटल्या जाणाऱ्या नाशिकची बागकामातली ओळख गुलाबाने आणि पुढे द्राक्षाने घडवली. कुंडीतल्या पर्णशोभेच्या वेली त्या मानाने उशिरा आल्या असाव्यात. जुन्या वाड्यांत चौकातली तुळस आणि परसातली फुलझाडे असत. कॉलेज रोड, गंगापूर रोड, इंदिरानगर, सिडको या भागांत सदनिका वाढल्या, तशी बाल्कनीच्या ग्रिलला कुंडी टांगण्याची रीत रुळली, असे म्हणता येते. मनीप्लांट आग्नेयेला ठेवावा, चोरून आणलेला फाटा चांगला लागतो, या समजुती सर्वांना ठाऊक असल्याने त्यांचा विस्तार येथे केलेला नाही.

उगम व नामनिर्णय : या गटातील सर्वांत परिचित वेल मनीप्लांट (एपिप्रेम्नम ऑरियम) हिच्या मूळ स्थानाबद्दल बराच घोळ झालेला आहे. १८८० मध्ये लिंडन व आंद्रे यांनी तिचे वर्णन पोथोस ऑरियस या नावाने केले. त्या वेळी ती सॉलोमन बेटांवरून आल्याचे सांगितले गेले, आणि बागकामाच्या लिखाणात ही माहिती आजही भेटते. अलीकडचे वर्गीकरणकार मात्र फ्रेंच पॉलिनेशियातील सोसायटी द्वीपसमूहातले मोरेआ बेट हे तिचे मूळ स्थान मानतात. उष्ण कटिबंधात इतरत्र रानात दिसणारी मनीप्लांट लागवडीतून सुटून पसरलेली आहे, असे त्यांचे म्हणणे आहे. प्रस्तुत नोंदीत हेच मत ग्राह्य धरले आहे.

नावाचा वाद याहून लांबला. १९०८ मध्ये एंग्लर यांनी ही वेल सिंडॅप्सस प्रजातीत (म्हणजे अनेक जातींच्या गटात, जीनसमध्ये) नेली. १९६० च्या दशकाच्या आरंभी तिचा फुलोरा तपासायला मिळाल्यावर बर्डसी यांनी १९६२ मध्ये ती रॅफिडोफोरात घातली आणि १९६४ मध्ये बंटिंग यांनी एपिप्रेम्नममध्ये. मधल्या काळात काही अभ्यासकांनी तिला एपिप्रेम्नम पिनॅटम या जातीचाच लागवडीतला प्रकार ठरवले होते. आता कल स्वतंत्र जाती मानण्याकडे आहे. एवढ्या सामान्य वेलीचे नाव वारंवार बदलले याचे कारण साधे आहे. सुरण कुलात प्रजाती ओळखायची ती फुलोरा, फळ व बी पाहून, आणि मनीप्लांट जवळजवळ कधीच फुलत नाही. आपोआप फुलल्याची शेवटची ज्ञात नोंद १९६४ ची मानतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात याचा उलगडा झाला. जिबरेलिन हे संप्रेरक तयार करण्यास लागणारे एक जनुक या वेलीत नीट काम करत नाही. बाहेरून जिबरेलिन फवारल्यावर तिला फुलोरा आला. थॉमसन सीडलेस द्राक्षाचे मणी फुगवण्यासाठी ‘जीए’ वापरणाऱ्या नाशिकच्या बागायतदाराला हे संप्रेरक नवे नाही.

संग्राहकाच्या दृष्टीने यातून निघणारी गोष्ट महत्त्वाची आहे. फूल नाही, म्हणून बी नाही. घरोघरच्या बाटलीतला मनीप्लांट फाट्यावरून फाटा लावत आलेला आहे, आणि त्याचा प्रत्येक नवा रंग हा एखाद्या फाट्यात अचानक झालेल्या किंवा घडवून आणलेल्या बदलातून मिळालेला आहे. पिवळ्या शिंतोड्यांचा ‘गोल्डन’, पांढुरका ‘मार्बल क्वीन’ हे जुने वाण. ‘मार्बल क्वीन’मधून भारतात सापडलेला, पांढऱ्या व हिरव्या रंगांचे स्वच्छ तुकडे दाखवणारा ‘एन-जॉय’ आणि मोठ्या, लहरी पानांचा ‘मंजुला’ या दोहोंच्या अमेरिकी वनस्पती-पेटंटांवर संशोधक म्हणून आशिष अरविंद हंसोटी यांचे नाव आहे. ‘पर्ल्स अँड जेड’ हा फ्लोरिडा विद्यापीठाने ‘मार्बल क्वीन’वर किरणोत्सर्गाचा प्रयोग करून काढलेला वाण ‘एन-जॉय’शी इतका मिळताजुळता आहे की विक्रीत दोघांची नावे नेहमी उलटसुलट होतात. पांढऱ्या भागात हिरवे बारीक ठिपके विखुरलेले दिसले, तर तो ‘पर्ल्स अँड जेड’ समजावा. ‘निऑन’ या गटात विकला जात असला तरी त्याचे पान एकरंगी पोपटी असते. तो चित्रपर्णी नव्हे.

रंगभेदाची कारणे : पानावरचा फिका भाग तीन अगदी वेगळ्या कारणांनी येतो, आणि निगा कशी ठेवायची हे त्यावर अवलंबून असते. पहिले कारण म्हणजे काही पेशींत हरितद्रव्य न बनणे. शेंड्याच्या विभज्येत (नव्या पेशी तयार होतात त्या भागात) पेशींचे थर असतात. त्यांतल्या एका थराच्या पेशी हिरव्या आणि दुसऱ्याच्या फिक्या असल्या की दोन प्रकारच्या ऊतकांचे एकच झाड तयार होते. अशा झाडाला विंक्लर यांनी १९०७ मध्ये ‘कायमेरा’ हे नाव दिले; पांढऱ्या कडांच्या जिरॅनियमवर काम करून बाउर यांनी १९०९ मध्ये थरांची कल्पना मांडली. होया कार्नोसाच्या ‘क्रिमसन क्वीन’मध्ये पांढरी कड पानामागून पान तशीच येत राहते, ती या थरांमुळे. थर अख्ख्या कळीतच (फुलाची नव्हे, नवा कोंब जिथून फुटतो ती) शाबूत असतात. म्हणून पिवळ्या कडांच्या स्नेक प्लांटचा पानाचा तुकडा लावला, तर निघणारे रोप बिनकडेचे, हिरवे असते.

मनीप्लांटचे चित्र इतके नेटके नाही. त्याचे शिंतोडे कुठेही पडतात आणि दोन पाने सारखी नसतात. ऊतकसंवर्धनात (टिश्यू कल्चरमध्ये) ‘गोल्डन’च्या ऊतकांपासून हिरवी, चित्रपर्णी आणि पूर्ण फिकी अशी तिन्ही प्रकारची रोपे मिळाली आहेत. फिक्या रोपांत हरितद्रव्य बनवण्याच्या साखळीतल्या एका विकराचे (एन्झाइमचे) जनुक फारच मंद चालते, असे दिसून आले. तेव्हा मनीप्लांटला सरळ थरांचा कायमेरा म्हणणे अपुरे वाटते.

दुसरे कारण हवेचे. सिंडॅप्सस पिक्टस आणि ट्रॅडेस्कँशिया झेब्रिना यांच्या पानांत वरच्या त्वचेखाली हवेच्या पोकळ्या असतात. त्यांवरून प्रकाश परततो आणि पान रुपेरी दिसते. खालचे हरितद्रव्य जागेवर असते, त्यामुळे या वेली सहसा हिरव्याकडे उलटत नाहीत. तिसरे कारण विषाणू. अबुटिलॉनसारख्या काही झाडांत विषाणूजन्य चित्रण मुद्दाम जपले जाते. पण घरच्या वेलीवर अचानक शिरांलगत पिवळे डाग आणि सुरकुत्या आल्या, तर नवा वाण मिळाला असे समजू नये, ते रोप बाजूला काढावे.

फाट्याची निवड : चित्रपर्णी वेल आपल्या आपण टिकत नाही. पांढऱ्या भागाला अन्न तयार करता येत नसल्याने हिरवा कोंब नेहमी जोमदार असतो आणि मोकळे सोडल्यास दोन-तीन हंगामांत सगळी कुंडी तोच व्यापतो. असा कोंब दिसताच तो रंगीत भागापर्यंत मागे छाटावा. कुठे छाटायचे हे पानावरून ठरवू नये, खोडावरून ठरवावे. ‘मार्बल क्वीन’ची वेल उजेडात धरली की पेरांमधून जाणाऱ्या पांढऱ्या व हिरव्या रेघा दिसतात. पानाच्या देठाच्या बगलेत जिथे कळी बसलेली असते, नेमक्या त्या जागेवरून दोन्ही रंगांच्या रेघा जात असतील, तर निघणारा कोंब रंगीत होण्याची शक्यता जास्त. कळी पूर्ण हिरव्या पट्ट्यावर बसली असेल तर शेजारचे पान कितीही देखणे असो, कोंब हिरवाच येतो. पूर्ण पांढऱ्यावर असेल तर कोंब सुंदर निघतो, पण मुळांवर स्वतंत्र लावल्यास उपाशी मरतो. हा डोळा तयार होणे हेच संग्राहकाचे खरे कसब. महागडे रोप आणण्यापेक्षा ओळखीच्या घरातल्या वेलीचा योग्य पेराचा फाटा मागून आणणे केव्हाही श्रेयस्कर.

फाट्याला किमान एक पेर व त्यावरचे हवाई मूळ हवे. नुसते पान पाण्यात ठेवल्यास फार तर मुळे फुटतात, वेल होत नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवात रोपे वाण म्हणून लुटण्याची प्रथा अलीकडे दिसते. ती स्तुत्य आहे, पण नाशिकच्या जानेवारीतल्या गारठ्यात या उष्ण कटिबंधीय वेलींचे ताजे फाटे मुळे धरत नाहीत, कुजतात. वाणासाठीचे फाटे पावसाळ्यातच कुंडीत लावून ठेवावेत.

नाशिकच्या हवेतील निगा : शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मी. उंचीवर आहे. जवळच्या निफाडला थंडीच्या लाटेत पारा ५ अंश सेल्सिअसखाली उतरल्याच्या नोंदी आहेत. मनीप्लांट व सिंगोनियम १० ते १२ अंशांखाली आखडतात, पाने काळपट पडून गळतात. डिसेंबर-जानेवारीत कुंड्या रात्री ग्रिलवरून काढून आत घ्याव्यात आणि पाणी निम्म्यावर आणावे. एप्रिल-मेमध्ये अडचण उलटी असते. पश्चिमेच्या बाल्कनीतले दुपारचे ऊन पांढरा भाग तासाभरात भाजते, तो तपकिरी कागदासारखा होतो आणि पुन्हा भरून येत नाही. पूर्वेचे सकाळचे ऊन किंवा द्राक्षबागेत वापरतात त्या शेडनेटखालचा उजेड उत्तम. मात्र ‘सावलीतली झाडे’ म्हणून ती अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवली, तर रंगीत कोंब मागे पडतात आणि हिरवे पुढे जातात.

जिल्ह्यातली काळी माती कुंडीला चालत नाही. ती पाणी धरून ठेवते आणि सुकल्यावर कुंडीच्या कडेपासून सुटते. लाल माती, कोकोपीट, चांगले कुजलेले शेणखत आणि निचऱ्यासाठी भाताचे तूस (इगतपुरीकडे ते सहज मिळते) किंवा परलाइट असे मिश्रण वापरावे. फिक्या पानांची वेल हिरव्यापेक्षा कमी पाणी ओढते, त्यामुळे बोट दोन पेरे खाली घालून माती कोरडी लागल्याशिवाय पाणी देऊ नये. बोअरवेलच्या जड पाण्याने कुंडीच्या काठावर पांढरा थर चढतो आणि स्पायडर प्लांटची टोके जळतात. आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी त्याहून क्षारयुक्त असल्याने ते कुंडीत ओतू नये. बाटलीतल्या मनीप्लांटचे पाणी दर आठवड्याला पूर्ण बदलावे. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची वाढ अशाच साठलेल्या पाण्यात साधारण आठ-दहा दिवसांत पूर्ण होते.

लोंबत्या वेलीचे पान खाली जाताना लहान होत जाते आणि वरचे टोक उघडे पडते. वर्षातून एकदा वेली छाटून त्याच कुंडीच्या तोंडाशी फाटे खोवावेत. आधाराने वर चढवल्यास मनीप्लांटचे पान मोठे होते, पुढे फाटतेही. पण मग ती लोंबती वेल राहत नाही.

कीड : पिठ्या ढेकूण अर्थात मिलीबग हा मुख्य शत्रू. तो पेराच्या बगलेत कापसासारखा बसतो आणि मुंग्या त्याची ने-आण करतात. थोडा असल्यास स्पिरिटच्या बोळ्याने पुसावा, पसरल्यास निंबोळी तेल व साबणाचे पाणी फवारावे. द्राक्षावरची उरलेली औषधे घरात फवारणे धोक्याचे आहे. नवे रोप दोन-तीन आठवडे इतरांपासून दूर ठेवावे.

विषारीपणा : मनीप्लांट, सिंगोनियम व फिलोडेंड्रॉन यांत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. कच्च्या अळूने घसा खवखवतो तो त्यांमुळेच. रांगते मूल किंवा मांजर असलेल्या घरात वेल हाताला लागणार नाही इतक्या उंचीवर संपवावी.

सिरोपेजिया : हृदयाच्या आकाराच्या पानांची ‘स्ट्रिंग ऑफ हार्ट्स’ (सिरोपेजिया वूडी) मेडली वूड यांनी १८८१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील नाताल भागात गोळा केली; श्लेख्टर यांनी १८९४ मध्ये तिचे वर्णन केले. गुलाबी-पांढऱ्या कडांचा तिचा प्रकार संग्राहकांत फार मागणीचा आहे. तिच्या वेलीवरच छोटे कंद धरतात. ते मातीवर टेकवले की नवे रोप होते. याच प्रजातीतली, मराठीत कंदीलपुष्प म्हटली जाणारी अनेक झाडे सह्याद्रीत आहेत. त्यांपैकी सिरोपेजिया अंजनेरिका ही जाती नाशिक-त्र्यंबकेश्वर रस्त्यावरच्या अंजनेरी डोंगरावरून २००६ मध्ये वर्णिली गेली. ती पावसाळ्यात उगवते, फुलते आणि उरलेले वर्ष कंदाच्या रूपाने जमिनीत असते. तिचे अस्तित्व अत्यंत मर्यादित क्षेत्रापुरते असून अंजनेरी हे संवर्धन राखीव क्षेत्र आहे. आफ्रिकी वेल रोपवाटिकेत सहज मिळते आणि कुंडीत सुखाने वाढते. अंजनेरीचा कंद उकरून आणणे हा संग्रह नव्हे, ती नासधूस आहे.