दिवा विझलेलं गाव आणि मागे उरलेलं चर्च: व्हॅरम पर्सीची गोष्ट

आपल्याकडे जुन्या महसुली दप्तरात एक शब्द सापडतो, 'बेचिराख'. बे-चिराग, म्हणजे जिथं संध्याकाळी दिवा लावायला कोणी उरलं नाही असं गाव. विदर्भात अशा गावाला रिठी म्हणतात. गावाचं नाव कागदावर असतं, शीव असते, जमिनीचे गट नंबर असतात, फक्त माणूस नसतं. इंग्लंडमध्ये अशी मध्ययुगातली सुमारे ३,००० बेचिराख गावं आहेत, आणि त्यातलं सगळ्यात जास्त अभ्यास झालेलं गाव म्हणजे नॉर्थ यॉर्कशरमधलं व्हॅरम पर्सी.

माल्टन नावाच्या छोट्या शहराच्या आग्नेयेला यॉर्कशर वोल्ड्स म्हणून खडूच्या दगडाच्या बुटक्या टेकड्या आहेत, तिथल्या एका दरीत हे गाव होतं. आज गाडी लांब उभी करून उतारावरून चालत जायचं, आणि खाली काय दिसतं तर गवत, गुरं, एक तळं आणि छप्पर नसलेलं एक चर्च. एवढंच. गाव साधारण १५०० च्या आसपास उठलं पण चर्चमध्ये प्रार्थना १९४९ पर्यंत चालू होती! म्हणजे साडेचारशे वर्षं आजूबाजूला गाव नसताना चर्च नीट चालू. हे कसं काय?

तर याचं उत्तर 'पॅरिश' या शब्दात आहे. आपण पॅरिश म्हणजे गाव असं धरून चालतो, पण तसं नसतं. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला मुलूख, त्यात एकच गाव असू शकतं किंवा चार-पाच सुद्धा. कोकणात कसं एका ग्रामदेवतेखाली सात-आठ वाड्या असतात, साधारण तसंच समजा, फक्त इथं प्रत्येक वस्तीची शेतं वेगळी आणि लग्न, बारसं, मयत मात्र एकाच ठिकाणी. व्हॅरम पर्सीच्या पॅरिशमध्ये थिक्सनडेल, बर्डेल, रेसथॉर्प, टोथॉर्प अशा वस्त्या होत्या. मुख्य गाव मेलं, काही वस्त्याही ओसाड पडल्या, पण थिक्सनडेल टिकलं आणि तिथली माणसं डोंगर-दऱ्यातून तीनेक मैल चालत आपलं मयत पुरायला याच चर्चला यायची. १८७० मध्ये थिक्सनडेलला स्वतःचं चर्च मिळालं आणि मग इकडची वर्दळ आटली. १९५९ मध्ये चर्चचा मनोरा अर्धा कोसळला, तो आजही तसाच अर्धा उभा आहे.

आता गाव कशानं उठलं. विचाराल त्याला, तो म्हणणार प्लेग. १३४८-४९ ची काळी साथ आली, माणसं मेली, गाव संपलं. ऐकायला बरं वाटतं पण हिशोब जुळत नाही. साथ आली होती हे खरं आणि माणसंही भरपूर मेली, पण १३६८ मध्ये, म्हणजे साथीनंतर वीसेक वर्षांनी, इथं सुमारे ३० घरं नांदती होती. मग १४५८ मध्ये १६. आणि शेवटची चार कुटुंबं १५०० च्या आसपास उठली. १५१७ साली सरकारी चौकशी झाली तेव्हा चार नांगर बंद पडले, चार घरं मोडली अशी नोंद झाली. म्हणजे गाव एका रात्रीत नाही तर दीडशे वर्षं हळूहळू झिजत गेलं, आणि शेवटचा धक्का कुठल्या जंतूनं नाही, मेंढीनं दिला.

गणित अगदी साधं होतं. साथीनंतर माणसं कमी, त्यामुळे मजुरी महाग, धान्याला भाव नाही, आणि लोकरीला मात्र चांगली किंमत. जमीनदाराला नांगर चालवायचा तर कितीतरी कुळं पोसावी लागणार, मेंढ्या ठेवल्या तर एक मेंढपाळ आणि एक कुत्रा बास. ज्या पर्सी घराण्याचं नाव गावाला लागलंय त्यांच्याकडून गाव १४०० नंतर लवकरच हिल्टन घराण्याकडे गेलं होतं, त्या हिल्टनांनी उरलेल्या कुळांना काढून सगळं गवताला सोडलं. मला तर वाटतं प्लेगची गोष्ट लोकांना आवडते कारण त्यात दोषी कोणीच नसतं.

ही सगळी घसरण कागदांशिवायही वाचता येते, चर्चच्या भिंतीत. बाराव्या-तेराव्या शतकात गाव भरात होतं तेव्हा चर्चला दोन्ही बाजूंनी दालनं वाढवली, मधे कमानी काढल्या. पुढं माणसं कमी झाली, एवढी जागा कोण झाडणार आणि कोण शाकारणार, मग ती दालनं पाडून टाकली आणि कमानी दगडांनी बुजवल्या. त्या बुजवलेल्या कमानी भिंतीत अजून स्वच्छ दिसतात, एखादा लोकसंख्येचा आलेखच दगडात काढल्यासारखा.

गाव शोधलं कोणी? तर मॉरिस बेरेसफर्ड नावाचे लीड्सचे आर्थिक इतिहासकार होते, ते १९४८ मध्ये पहिल्यांदा इथं आले. गवताखाली चौकोनी उंचवटे, मधून खोलगट रस्ते, हे काय आहे म्हणून १९५० मध्ये त्यांनी खणायला घेतलं, आणि गंमत म्हणजे त्यांना उत्खननाचं शिक्षण वगैरे काही नव्हतं. लवकरच जॉन हर्स्ट हे पुरातत्त्वज्ञ सोबत आले आणि मग जे सुरू झालं ते १९९० पर्यंत, ४० वर्षं, दर उन्हाळ्यात काही आठवडे, बहुतेक सगळं हौशी लोकांच्या जिवावर. त्याआधी राजवाडे, किल्ले, मठ यांचं उत्खनन व्हायचं, साध्या शेतकऱ्याच्या घरात खणण्यासारखं काय असणार अशी समजूत.

त्या उंचवट्यांचा अर्थ लागला तो असा: रांगेत आखलेली घरांची जागा, म्हणजे आपलं गावठाण म्हणा, प्रत्येक घरामागं लांबट परस, आणि त्यापलीकडं शेतं. हे आपोआप वाढलेलं गाव नाही, कोणीतरी दोरी लावून आखलंय. आधी संशोधकांना वाटलं होतं की घरं इतकी कच्ची होती की दर पिढीला पाडून नवीन बांधायचे, नंतर स्टुअर्ट रॅथमेल या पुरातत्त्वज्ञांनी पुरावे परत तपासले आणि दाखवलं की घराचा भार वाकड्या लाकडी खांबांच्या जोड्यांवर होता, भिंती फक्त आडोसा, त्यामुळे भिंत दहादा बदलली तरी घर तेच राहायचं. ज्यांचं मातीचं घर गावाकडं आहे त्यांना हे सांगायलाच नको :)

भूगोल आल्याशिवाय मात्र गाव इथंच का ते कळत नाही. खडूचा दगड म्हणजे स्पंज, पाऊस पडला की आत जिरतो, म्हणून वोल्ड्समध्ये दऱ्या भरपूर पण त्यात नदी नाही. मग या दऱ्या कोरल्या कोणी? हिमयुगात जमीन गोठलेली होती, पाणी जिरायला वाट नाही, तेव्हा बर्फ वितळलेलं पाणी वरूनच वाहिलं आणि त्यानं दऱ्या कापल्या, पुढं जमीन मोकळी झाल्यावर पाणी परत जिरायला लागलं आणि दऱ्या कोरड्या पडल्या. पण जिथं खडूखाली पाणी न जिरणारा चिकणमातीचा थर उघडा पडतो तिथं झरे फुटतात. व्हॅरम पर्सीच्या दरीत असे झरे आहेत. कोरड्या मुलखात बारमाही पाणी असलेली जागा, तिथं वस्ती होणारच, आणि झाली पण, इंग्रजी गावाच्या आधी लोहयुगातली आणि रोमन काळातली शेतघरंही इथंच सापडली. झऱ्याच्या पाण्याला बांध घालून गिरणी चालवली, नंतर मासे पाळले.

पण सगळ्यात जास्त बोलली ती हाडं. चर्चभोवती आणि आत जवळजवळ ७०० सांगाडे मिळाले, आणि हे राजे-सरदार नाहीत, साधी कुणबी माणसं. वाढीचं बघा: इथलं १४ वर्षांचं मूल आजच्या १० वर्षांच्या मुलाएवढं उंच. बाळांना आईचं दूध साधारण दीड वर्षापर्यंत मिळायचं, हे हाडातल्या नायट्रोजनवरून कळलं. नायट्रोजनचा एक जरा जड प्रकार असतो, त्याचं प्रमाण अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीला थोडं वाढतं, अंगावर पिणारं बाळ हे हिशोबानं आईच्या एक पायरी वर असतं, आणि दूध सुटलं की ते प्रमाण खाली येतं. वेगवेगळ्या वयात गेलेल्या मुलांची हाडं ओळीनं तपासली की दूध कधी सुटलं ते दिसतं. म्हाताऱ्या बायकांची हाडं आजच्या बायकांइतकीच ठिसूळ झालेली, म्हणजे आयुष्यभर कष्ट केले म्हणून सुटका नाही. नऊ जणांना क्षय होता, सगळ्यांना वाटलं गुरांसोबत राहायचे तर गुरांकडून आला असणार, डीएनएनं सांगितलं की नाही, माणसाचाच जंतू. आणि अकराव्या शतकातला एक चाळिशीचा माणूस, डोक्यावर जबरदस्त फटका बसलेला, कोणीतरी कवटी खरवडून त्याच्यावर उपचार केले आणि तो जगला, हाड भरून आलंय.

एक खड्डा मात्र वेगळाच निघाला. १९६० च्या दशकात घरांच्या मधे, चर्चच्या दफनभूमीबाहेर, १३७ हाडं सापडली होती, किमान दहा माणसांची, दोन-चार वर्षांच्या पोरापासून पन्नाशीच्या पुढच्यापर्यंत. ती मोडलेली, जळलेली, सुरीचे घाव असलेली. २०१७ मध्ये हिस्टॉरिक इंग्लंड (तिथली जुन्या वास्तू सांभाळणारी सरकारी संस्था) आणि साउथॅम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यावर अभ्यास छापला. दुष्काळात माणसांनी माणसं खाल्ली का? मांस काढायचं तर घाव सांध्याजवळ, स्नायू जिथं हाडाला चिकटतात तिथं पडतात, इथं ते डोक्या-मानेभोवती होते. म्हणून त्यांना जास्त पटणारं कारण म्हणजे भीती: मेलेला माणूस उठून परत येतो, रोग पसरवतो, म्हणून प्रेत उकरून डोकं तोडायचं आणि जाळायचं, अशा समजुतीचे उल्लेख त्या काळच्या इंग्रजी लिखाणात आहेत. ही हाडं एका वेळची नाहीत, अकरावं ते चौदावं शतक असा त्यांचा पसारा आहे.

मग ही माणसं कोणी परकी, वाट चुकून आलेली होती का? त्यासाठी दात घेतले. दातावरचं कवच लहानपणी बनतं आणि मग बदलत नाही, आणि ज्या दगडा-मातीवरचं धान्य खाल्लं, पाणी प्यायलं त्यातल्या स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्याची खूण त्यात कायमची राहते. दातांनी सांगितलं ते इथलंच. याच खडूवर, याच पंचक्रोशीत वाढलेली माणसं होती ती.