मॉनिटरवर १०० दिसलं म्हणजे सगळं छान, असं नाही

"ऑक्सिजनच आहे ना, थोडा जास्त गेला तर काय बिघडणार?" वेळेआधी जन्मलेलं बाळ एनआयसीयूमध्ये, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, असलं की हे वाक्य हमखास ऐकू येतं. नर्सने ऑक्सिजन कमी केला आणि मॉनिटरवरचा रक्तातल्या ऑक्सिजनचा टक्का ९९ वरून ९३ वर आला की घरच्यांचा जीव खालीवर होतो, पण बऱ्याचदा ती नर्स त्या बाळाचे डोळे वाचवत असते.

पोटात असताना बाळाच्या रक्तातला ऑक्सिजनचा दाब जेमतेम ३० मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास असतो, आपल्या धमन्यांत तो ९०-१०० असतो. एवढ्या कमीतच बाळ मजेत वाढतं. आणि डोळ्याच्या पडद्याला, म्हणजे रेटिनाला, हा कमीपणा चक्क हवा असतो! रेटिनाच्या रक्तवाहिन्या गरोदरपणाच्या सोळाव्या आठवड्याच्या सुमारास पडद्याच्या मध्यातून निघतात आणि हळूहळू कडेकडे सरकतात, कानाकडच्या कडेला पोचायला जवळपास ४० आठवडे होतात. पुढच्या, अजून रक्त न पोचलेल्या भागात ऑक्सिजन कमी पडतो, म्हणून तिथल्या पेशी व्हीईजीएफ नावाचं प्रोटीन सोडतात आणि रक्तवाहिनी त्या दिशेने वाढते. मागणी तिथे पुरवठा, इतकं सुंदर काम आहे हे.

आता समजा बाळ २८ व्या आठवड्यातच जन्मलं आणि त्याला भरपूर ऑक्सिजन दिला. पेशींना कमतरता जाणवतच नाही, व्हीईजीएफ घटतं, वाहिन्यांची वाढ थांबते, काही तर आक्रसून बंद पडतात. त्या वेळी बाहेरून काहीच कळत नाही. मग काही आठवड्यांनी रेटिना मोठा होतो, त्याची भूक वाढते, पण कडेला रक्तच नाही, मग व्हीईजीएफचा पूर येतो आणि नाजूक, गळक्या, वेड्यावाकड्या नव्या वाहिन्या उगवतात. त्यांच्यासोबत तयार होणारे व्रणासारखे धागे आकसले की ते पडद्याला ओढतात आणि पडदा सुटतो. हीच आरओपी, रेटिनोपॅथी ऑफ प्रीमॅच्युरिटी.

१९४० च्या दशकात बंद इनक्युबेटर आले आणि त्यात सढळ हाताने ऑक्सिजन सोडला जायचा. जगभरात सुमारे १०,००० मुलं आंधळी झाली. १९५० मध्ये वेळेआधी जन्मलेला गायक स्टीव्ही वंडर त्यांच्यातलाच एक. मेलबर्नच्या डॉक्टर केट कॅम्पबेल यांनी १९५१ मध्ये ऑक्सिजनकडे बोट दाखवलं, आणि १९५४ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाने ते पक्कं केलं. पण मग ऑक्सिजनला इतका कडक लगाम लागला की अंधत्व घटलं आणि बाळं दगावू लागली. दोन्ही टोकं घातक.

मग १०० या आकड्यात अडचण काय? हा आकडा देणारा पल्स ऑक्सिमीटर रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनने किती टक्के भरलंय तेवढंच सांगतो. ते पूर्ण भरल्यावर रक्तातला दाब ९० आहे की ३००, हे त्याला कळतच नाही, दोन्हीकडे तो १०० च दाखवणार. बाळ साध्या हवेवर असेल (तिच्यात २१ टक्के ऑक्सिजन) तर १०० ला घाबरायचं कारण नाही, कारण हवेतून दाब तेवढा चढूच शकत नाही. प्रश्न आहे नळीने ऑक्सिजन चालू असतानाच्या १०० चा. अगदी लहान बाळांमध्ये ८५-८९ आणि ९१-९५ अशी दोन लक्ष्यं ठेवून मोठे अभ्यास झाले, खालच्या गटात आरओपी कमी पण मृत्यू जास्त निघाले. म्हणून आता साधारण ९०-९५ च्या पट्ट्यात ठेवतात, आणि ऑक्सिजनमध्ये हवा मिसळणारा ब्लेंडर ही चैन नाही, गरज आहे.

डब्यात भरलेला ऑक्सिजन "एनर्जी"साठी विकणाऱ्या जाहिरातींचा मला मनापासून राग येतो, त्यातूनच "जास्त म्हणजे चांगलं" हे डोक्यात बसतं. आणि बाळाच्या डोळ्याला काही झालं की आईचंच गरोदरपणात काही चुकलं असं म्हणणाऱ्यांचा त्याहून जास्त.

आरओपीची तपासणी सहसा जन्मानंतर चार आठवड्यांच्या आत होते, फार लहान बाळांची त्याआधीच, आणि वाहिन्या कडेपर्यंत पोचेपर्यंत ती पुन्हा पुन्हा करावी लागते. बाळ घरी आलं, दूध पितंय, डोळे छान टपोरे दिसतायत, तरीही. लेझर किंवा इंजेक्शनची गरज निघाली तर ते दोन-तीन दिवसांतच करायचं असतं, त्यामुळे डिस्चार्जच्या कागदावरची डोळ्यांची तारीख पुढच्या आठवड्यावर ढकलू नका.